बेचाळीस पुस्तकांची यादी

तोंडी परीक्षेला मुलगा समोर बसला होता. एम.ए. मराठी, दुसरं वर्ष, विषय ‘जात्यावरच्या ओव्या’. प्रकल्पाचं बाइंडिंग कोरं करकरीत, वर सोनेरी अक्षरं, आणि शेवटी संदर्भग्रंथसूची. त्यात ४२ पुस्तकं. त्याचे मार्गदर्शक दुसरे सर होते, मी विभागातली परीक्षक. यादीतल्या अकराव्या पुस्तकावर बोट ठेवून मी विचारलं, “हे कुठे मिळालं रे तुला? मी कधीची शोधतेय.” टोमणा नव्हता, मी ते खरंच शोधत होते. तो जरा वेळ गप्प बसला आणि मग अगदी सरळपणे म्हणाला, “मॅडम, यादी टायपिंगवाल्या काकांकडे तयार होती. ओव्यांवरच्या सगळ्या प्रोजेक्टला ते तीच लावतात.”

मला आधी हसू आलं. मग मी प्रकल्प पुन्हा चाळला. आतल्या ओव्या चांगल्या होत्या. काही तर मी कुठल्याच संग्रहात वाचलेल्या नव्हत्या. प्रकरणाच्या सुरुवातीला एवढंच लिहिलेलं : ‘गावातील एका वृद्ध महिलेकडून संकलित.’ कोण या बाई, असं विचारलं तर म्हणाला, “आजी. माझीच.”

म्हणजे जी ४२ पुस्तकं त्याने डोळ्यांनीही पाहिली नव्हती ती लेखक, प्रकाशक आणि सालासकट हजर. आणि जिच्या तोंडून अख्खा प्रकल्प आला ती ‘एक वृद्ध महिला’.

त्या मुलाला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याला हे आपणच शिकवलंय, आणि तेही पद्धतशीर. अकरावी-बारावीची पर्यावरणाची प्रकल्पवही आठवून पाहा. शेवटच्या पानावर ‘संदर्भ’ असा मथळा, रंगीत स्केचपेनने अधोरेखित, आणि खाली : १) इंटरनेट २) गूगल ३) पाठ्यपुस्तक ४) शिक्षकांचे मार्गदर्शन. कुठून आलास असं विचारल्यावर ‘एसटीने’ म्हणून सांगावं, तसा हा प्रकार. त्याला लाल शाईची बरोबरची खूण मिळते. तिथून पाच वर्षांनी तोच मुलगा एम.ए.चा प्रकल्प करतो तेव्हा गूगलच्या जागी ४२ पुस्तकं येतात. शिकवण मात्र तीच : शेवटी एक यादी लागते. ती आतल्या मजकुराशी जोडलेली असावी लागते, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि सांगतो तेव्हा आपण काय सांगतो? टक्के.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याला आळा घालणारे विनियम काढले. त्यातला शिक्षेचा तक्ता आज प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो. दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर माफ. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येणार नाही. ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचं साम्य मोजणीतून वगळायचं, असंही त्यात आहे. हेतू चांगला होता, आणि काहीच नियम नसण्यापेक्षा हे बरंच. पण याच विनियमांत दुसरीही एक गोष्ट आहे. श्रेय कसं द्यायचं, स्रोताची नोंद कशी करायची हे संस्थांनी विद्यार्थ्यांना शिकवावं, पदवी-पदव्युत्तर अभ्यासक्रमातच ते आणावं, असं तिथे लिहिलंय. तो भाग कोणाच्या पाठ नाही. दंडाचं कलम तेवढं नोटीस बोर्डावर लागलं. शिकवणं सरकलं ते थेट पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये, दोन क्रेडिटच्या विषयात. तोवर माणसाच्या हाताला लागायच्या त्या सवयी लागून गेलेल्या असतात.

टक्क्यांच्या भीतीने काय होतं ते मी रोज पाहते. ‘मॅडम, माझं २३ आलंय, दहाच्या आत आणायचंय,’ असं म्हणत मुलं येतात, जणू साखरेचा रिपोर्ट आहे. आणि आणतातही. चौदा शब्दांची सवलत आहे म्हटल्यावर दर बारा-तेरा शब्दांनी एक शब्द बदलायचा. ‘महत्त्वाचे’चं ‘मौलिक’, ‘समाजात’चं ‘समाजव्यवस्थेत’. एका प्रबंधात ‘स्त्रीमुक्ती’च्या जागी सगळीकडे ‘महिलांची सुटका’ झालेली मी स्वतः वाचली आहे. टक्के खाली आले, मूळ लेखिकेचं नाव मात्र कुठेच आलं नाही. उलट ज्या मुलीने प्रामाणिकपणे लांब उतारा घेतला, खाली पुस्तक आणि पान दिलं, पण अवतरणचिन्हं घालायला विसरली, तिचे टक्के चढले. आता या दोघींत चोरी कोणाची?

मराठीत तर हे टक्के मोजणाऱ्या यंत्राची, म्हणजे सॉफ्टवेअरची, आणखीच गंमत आहे. आपली जुनी पुस्तकं बरीचशी नुसत्या छायाप्रतींच्या स्वरूपात आहेत, म्हणजे यंत्राच्या लेखी ती चित्रं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेल्या ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर मराठी प्रबंध भरपूर आहेत, पण कित्येक युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेले. त्यातला परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवून बघा, देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा भुगा पडतो. त्या भुग्याशी तुमचं युनिकोड वाक्य जुळणार कसं? त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीच्या पुस्तकातलं अख्खं प्रकरण उचलणारा शून्य टक्क्यांत सुटतो. त्या शून्याचा छापील रिपोर्ट तो प्रबंधाला जोडतो, वर सही-शिक्का.

मला वाटतं, चूक मुळातच आहे. संदर्भ देणं हा आपण गुन्ह्याच्या तपासाचा विषय करून टाकलाय. पकडले जाऊ नये म्हणून द्यायची गोष्ट. खरं तर संदर्भ हा लेखाचा कणा असतो. आधी कोण काय म्हणालं, ते मला कुठे पटलं, कुठे नाही, आणि माझं म्हणणं नेमकं कोणत्या ओळीपासून सुरू होतं, हे दाखवायचं साधन.

याचं मी वर्गात नेहमी देते ते उदाहरण एका विद्यार्थ्याच्याच निबंधाचं आहे. मे १९१६, न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातिसंस्थेवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. आज आपण तो महापुरुषाचा ग्रंथ म्हणून वाचतो, पण लिहिला तेव्हा तो सेमिनार पेपरच होता, आपली मुलं सादर करतात तसा. त्यात ते जातीच्या चार व्याख्या समोर मांडतात : फ्रेंच अभ्यासक सेनार, नेसफिल्ड, सर रिस्ले आणि डॉ. केतकर. मग एकेक हातात घेऊन तपासतात. सेनार विटाळाच्या कल्पनेला जातीचं लक्षण मानतात. आंबेडकर दाखवतात की जातीला धर्माचा रंग आहे तेवढ्यापुरतंच ते लागू पडतं. नेसफिल्ड जातीबाहेर जेवणव्यवहार नसण्यावर भर देतात. त्यावर आंबेडकरांचं म्हणणं, परिणामालाच कारण समजण्याची ही चूक आहे. रिस्ले यांच्याकडे वेगळं लक्ष द्यावं असा नवा मुद्दा नाही, म्हणून त्यांना एका वाक्यात वाटेला लावलंय. पंचवीस वर्षांच्या मुलाने, ज्यांच्या नावामागे ‘सर’ लागतं त्यांना! मग केतकर. म्हणजे आपले श्रीधर व्यंकटेश केतकर, पुढचे ज्ञानकोशकार, ज्यांचं जातीवरचं पुस्तक सातच वर्षं आधी, १९०९ साली अमेरिकेतच निघालं होतं. जातीकडे सुटं एकक म्हणून न बघता जातींच्या व्यवस्थेचा भाग म्हणून बघितल्याचं श्रेय आंबेडकर त्यांना उघडपणे देतात. आणि लगेच पुढे दाखवतात की जातीबाहेर लग्न न करणं आणि जन्मानेच सभासदत्व मिळणं ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणं मुळात दोन नाहीतच, ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. इथून त्यांचा स्वतःचा सिद्धान्त सुरू होतो : जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे.

हा निबंध हातात घेतला की केतकर कुठे संपतात आणि आंबेडकर कुठे सुरू होतात, यावर आपण बोट ठेवू शकतो. केतकरांचं नाव गाळून त्यांचाच मुद्दा आपल्या शब्दांत ‘फिरवून’ लिहिला असता, तर आंबेडकरांनी त्यात काय भर घातली हे कोणाला कळलंच नसतं. श्रेय दिल्याने आपलं कमी होतं, ही आपल्या मुलांची भीती. या निबंधात नेमकं उलट घडलंय, हे दाखवायला एक तास पुरतो.

‘आपल्या परंपरेत हे आधीपासून होतंच’ असं म्हणायचा मोह मला होतो, पण परंपरेत दोन्ही होतं. गीतेवर लिहिताना ज्ञानेश्वर सांगून टाकतात की मी व्यासांचा मागोवा घेत, ‘भाष्यकारांतें वाट पुसतु’ चाललो आहे. आणि त्याच भाषेत तुकोबांच्या काळी सालोमालो होता, दुसऱ्याच्या अभंगाला आपली नाममुद्रा लावणारा. ‘म्हणती एकाचें आपुलें’ हे तुकोबांनी त्याच्याबद्दल काढलेले उद्गार. टायपिंगवाल्या काकांच्या दुकानात हे तीन शब्द लावायला हरकत नाही.

आता मराठीत संदर्भ द्यायचा म्हणजे नेमकं कसं द्यायचं, हा खरोखर अवघड भाग, आणि याबाबत विद्यापीठांनी मुलांना वाऱ्यावर सोडलंय. बहुतेक ठिकाणी सांगतात, एपीए वापरा किंवा एमएलए वापरा. या शैली वाईट नाहीत, पण त्या आडनाव आणि साल या दोन खुंट्यांवर उभ्या आहेत, आणि मराठीत नेमक्या याच दोन खुंट्या हलतात. कुसुमाग्रजांची कविता ‘क’खाली घालायची की शिरवाडकर म्हणून ‘श’खाली? ग्रेस यांचं आडनाव कोणतं लिहायचं? विभावरी शिरूरकर, मालती बेडेकर आणि बाळूताई खरे ही तीन नावं एकाच बाईची. एक लेखनातलं, एक सासरचं, एक माहेरचं. मी पाहिलेल्या एका यादीत त्यांपैकी दोन नावं दोन वेगळ्या लेखिका म्हणून आली होती, आणि ती यादी विद्यार्थ्याची नव्हती. जुन्या पुस्तकावर साल असतं शके १८५५. त्यात ७८ मिळवून इसवी सन काढायचा, हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. पुनर्मुद्रणावर पहिल्या आवृत्तीचं साल नसतं, किंवा फक्त तेवढंच असतं आणि हातातली प्रत कधीची ते कळत नाही. अभंगाचं तर विचारूच नका. ‘तुकाराम गाथा, अभंग क्रमांक अमुक’ एवढ्याने काहीच हाती लागत नाही, कारण शासकीय गाथेतला क्रमांक वेगळा आणि देहूच्या प्रतीतला वेगळा. एकदा एका मुलीने दिलेला क्रमांक मी काढून पाहिला, तर तिथे भलताच अभंग. तिला खोटं ठरवणार तेवढ्यात कळलं की तिच्या हातात दुसरी गाथा होती. चूक एवढीच की कोणती गाथा ते तिने लिहिलं नव्हतं.

म्हणून मला स्वल्पविरामावरच्या भांडणांचा कंटाळा येतो. साल कंसात की कंसाबाहेर यावर तोंडी परीक्षेतली वीस मिनिटं गेलेली मी पाहिली आहेत. अहो, वाचणाऱ्याला त्या पानापर्यंत जाता आलं पाहिजे, बाकी सगळं नंतर. कोणाचं, कोणतं, कोणती आवृत्ती, कोणतं पान. एवढं असेल आणि शेवटपर्यंत एकाच पद्धतीने दिलेलं असेल, तर माझ्याकडून पूर्ण गुण.

आणि मूळ पुस्तक मिळालंच नाही तर? तालुक्याच्या गावी हा प्रश्न रोजचा आहे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड किती महाविद्यालयांच्या कपाटात असतील? मग मुलं काय करतात, तर दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात आलेलं राजवाड्यांचं वाक्य घेतात आणि खाली थेट राजवाड्यांचा खंड-पान लिहितात, मधला माणूस गिळून टाकतात. इथे फक्त ‘उद्धृत’ हा एक शब्द लिहायचा असतो : राजवाडे, उद्धृत अमुक लेखक, पान अमुक. त्यात कमीपणा काहीच नाही. मधल्या माणसाने वाक्य चुकीचं उतरवलं असेल तर ती चूक त्याच्या खाती जाते, तुमच्या नाही. हा फायदा सांगितला की मुलं पटकन ऐकतात. नीतीपेक्षा हिशोब लवकर पटतो.

या सगळ्यात गेल्या दोन-तीन वर्षांत नवी भर पडली आहे. आता यादी टायपिंगवाल्या काकांकडून घ्यायचीही गरज उरली नाही. चॅटजीपीटीला सांगा, ‘ओव्यांवरची वीस मराठी पुस्तकं दे’, दोन सेकंदांत हजर. लेखक खरा, प्रकाशक खरा, साल शक्यतेतलं, आणि पुस्तक कधी निघालेलंच नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी याच पद्धतीने अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. तिथे विमान कंपनीच्या वकिलांनी आणि मग न्यायालयाने निवाडे शोधायला घेतले म्हणून ते उघडकीला आलं. आपल्याकडे शोधतो कोण? अन् विशेष म्हणजे अशा बनावट यादीचं साम्य शून्य टक्के येतं, कारण ती जगात दुसरीकडे कुठे नसतेच. ज्या मोजपट्टीवर आपण सगळी भिस्त ठेवली, तिने ती यादी अस्सल ठरवली.

तर माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक तोंडी परीक्षेत, मग ती पदवीच्या फील्ड प्रोजेक्टची असो की चौथ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पाची, परीक्षकाने यादीतले कोणतेही तीन संदर्भ निवडावेत आणि म्हणावं, दाखव. पुस्तक, झेरॉक्स, मोबाइलवरची पीडीएफ, पानाचा फोटो, काहीही चालेल. ते पान उघड, आणि तू लिहिलेलं तिथे कुठे आहे ते दाखव. तीन संदर्भांना दहा मिनिटं. यादी ४२ ची असो की सहाची, दाखवता आलेल्यालाच गुण. असं दोन वर्षं केलं तर याद्या आपोआप आखूड होतील. आणि याची सुरुवात एम.ए.ला नाही, प्रथम वर्षालाच व्हावी, एका पानाच्या टिपणापासून, ज्यात एकच संदर्भ असेल पण खरा.

यावर काय म्हटलं जाईल ते मला माहीत आहे. वर्गात ऐंशी मुलं, निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर, त्यांना या वर्षीचं मानधन पुढच्या वर्षी मिळणार, आणि त्यांनी पानं तपासत बसायचं? बरोबर आहे. ऐंशी मुलांचे तीन-तीन संदर्भ कोणी तपासू शकत नाही. पण कोणाचे तपासले जातील हे आधी कळत नसेल तर ऐंशीपैकी दहांचे तपासले तरी पुरतं. तिकीट तपासनीस प्रत्येक डब्यात नसतोच.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि तो विद्यार्थीच घेतात : तुम्ही तरी देता का? बढतीला गुण लागतात म्हणून पैसे भरून छापलेले पेपर, चार लेखकांच्या नावांत तीन न लिहिणाऱ्यांची, विद्यार्थ्याच्या प्रबंधातलं प्रकरण मार्गदर्शकाच्या नावावर. याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन की ‘तीन संदर्भ दाखव’ हे शिक्षकांच्या मुलाखतींतही विचारायला सुरुवात करावी. मला विचारलं तर मीही दोन-तीन ठिकाणी अडखळेन.

त्या मुलाकडे परत येते. मी त्याला सांगितलं, यादी काढून टाक, तू खरंच उघडलेली पुस्तकं लिही, आणि आजीचं नाव लिही. त्याला ते विचित्र वाटलं. आजीचा कसा संदर्भ देणार, ती काय लेखिका आहे? मग त्याला हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या ओव्यांच्या अभ्यासकांचं काम दाखवलं. त्यांच्या प्रकल्पात खेडोपाड्यांतून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि आता त्या ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं. कित्येकींचे फोटोसुद्धा आहेत. शेतावर राबणाऱ्या, कधी शाळेत न गेलेल्या बाया, आणि त्यांच्या ओळींखाली त्यांचं नाव. तो बराच वेळ मोबाइलवर बघत बसला.

पंधरा दिवसांनी प्रकल्प परत आला तेव्हा यादीत पाच पुस्तकं होती. एका पुस्तकापुढे त्याने पेनने लिहिलं होतं, ‘फक्त तिसरे प्रकरण वाचले.’ कुठल्याही शैलीत ही सोय नाही. मी ते खोडलं नाही. यादीच्या शेवटी ‘मुलाखत’ असा मथळा होता आणि खालची जागा कोरी. म्हणाला, “मॅडम, आडनाव आधी घालायचं म्हणता, पण कोणतं? सासरचं की माहेरचं?”

म्हटलं, मला काय विचारतोस, तिलाच विचार.

दुसऱ्या दिवशी नाव लिहून आणलं. माहेरचं होतं. आजी म्हणाली होती, “गानी तिकडची हायेत, मी हितं आल्यावर नुसती म्हनली.”